दाजींच्या दाढीला घातलेलं कुंपण

तीर्थस्वरूप दाजींना,

तुमच्या धाकट्या मेहुण्याचा उभ्याउभ्याच नमस्कार. एरवी वाकलो असतो, निदान कागदावर तरी. पण सध्या कमरेला पट्टा आहे, आणि बसून लिहावं तर खुर्ची दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात आहे (ते पुढे येईल). तुमचे गुडघे काय म्हणतात? ताईचा खोकला? लेकीच्या चौथ्या मजल्यावर दोघांना करमतंय ना? इकडची काळजी करू नका. तुमचं घर मी रोज बाहेरून बघतो, भिंती जागच्या जागी आहेत. हे सगळं फोनवरही सांगितलं असतं, पण फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुम्ही हसायला लागता, आणि विषय गंभीर आहे.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण मला सांगायला आवडतं. खांद्यावर तारेचं एक भेंडोळं आणि हातात पक्कड, एवढ्यावर सुरुवात केली आणि आज टेकडीपासून ओढ्यापर्यंत माझी तार नाही असं शेत दाखवा. (माझी तार मी आवाजावरून ओळखतो. पान्याने एक टोला द्यायचा आणि कान लावायचा. कुठे ढिली झालीय, कोणी वाकवलीय, डुकराने की शेजाऱ्याने, सगळं कळतं.) आधी लोकांनी उतारावरचं रान तोडून शेतं केली, त्यांना मी कुंपण घातलं. मग शेतं मोडून प्लॉट पाडले, त्यांनाही घातलं. पुढे उन्हाळा महिनाभर आधीच यायला लागला, वरचा झरा आटायला लागला, अवकाळी पावसाने रानातला फुलोरा झडून झाडांना फळच धरेना, आणि जनावरं खाली उतरू लागली, तेव्हा तर मला जेवायला सवड नव्हती. खरं सांगतो, सगळे आभाळाकडे बघून हळहळत होते आणि मी नवा टेम्पो बघत होतो.

या सगळ्यात एकच पट्टा उघडा होता, तुमचा. टेकडीपासून थेट ओढ्यापर्यंत, चाळीस पावलं रुंद, नुसती झाडं, झुडपं आणि वेली. आजूबाजूचं सगळं तासून गुळगुळीत झालं आणि तेवढंच राहिलं, म्हणून मी त्याला 'दाजींची दाढी' म्हणायचो. वीस वर्षं तुमच्या मागे लागलो, की साफ करा, काहीतरी लावा. तुम्ही आपलं एकच, "असू दे रे, कोणाच्या तरी उपयोगाचं असेल." कोणाच्या, ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. शेवटी गेल्या वर्षी तुम्ही शाळेतून निवृत्त झालात, तेव्हा भेट म्हणून मीच दाढीला चारही बाजूंनी कुंपण घालून दिलं. (तुम्हाला घड्याळ हवं होतं, हे ताईने नंतर सांगितलं.)

माझा अंदाज असा, की आता जनावरं चवताळून सगळीकडे धडका देणार आणि मला दुरुस्तीची कामं मिळणार. पण कान लावून फिरलो तर एक तार वाजेल तर शपथ! घरी येऊन बघतो तो अंगणातल्या नळाखाली एक रानडुकरीण आणि तिची आठ पिल्लं रांगेत उभी. कारण सोपं होतं. टेकडीवरून ओढ्याकडे जायला सबंध परिसरात एकच वाट मोकळी उरली होती, आणि ती कुंपणवाल्याच्याच अंगणातून जात होती. आमच्याकडे कुंपणाचे अकरा नमुने उभे आहेत, प्रत्येकी चार फूट, गिऱ्हाइकाला हिंडून बघता यावं म्हणून मधे ऐसपैस जागा. डुकरीण अगदी गिऱ्हाइकासारखी हिंडायची, फक्त भाव करायची नाही.

मी चिडलो आणि घाई केली. सकाळी आमच्याच अंगणाभोवती खांब रोवले, दुपारी तार ओढली, संध्याकाळी फाटकाला कुलूप. वळलो, तर मागच्या गोदामात घुरघुर! उन्हाचा ताव टाळायला सगळं कुटुंब दुपारपासून आत गाढ झोपलेलं. म्हणजे दाजी, कुंपण उत्तमच घातलं होतं, फक्त मंडळींना आत घेऊन घातलं होतं. फाटक उघडून दिलं, तर चहूकडच्या तारा हुंगून ती पुन्हा आमच्याकडेच आली. झाडू घेऊन हाकलायला गेलो, तर तिनेच मला हाकललं. नमुना क्रमांक सात कोणालाही उडी मारून ओलांडता येत नाही, अशी खात्री मी गिऱ्हाइकांना पंचवीस वर्षं देत आलोय. ती खरी निघाली. कमरेचा पट्टा तेव्हाचा.

वनरक्षकाला बोलावलं. त्याने तार हलवून बघितली आणि म्हणाला, "काम पक्कं आहे हो तुमचं. जनावर बाहेर जाऊच शकत नाही." मग बराच वेळ समजावलं, की वर पाणी नाही, चारा नाही, ती ओढ्याला जाणारच, तिची रोजची वाट कोणी बंद केली ते आधी शोधा. शोधतो म्हटलं. (मला त्याच क्षणी कळलं होतं, पण सरकारी माणसासमोर सगळंच बोलायचं नसतं.)

आता आमची ही डुकरिणीच्याच बाजूची झालीय. टबात पाणी भरून ठेवते, आणि मला बजावलंय की आठ लेकरं घेऊन दारात आलेल्या बाईला रविवारपर्यंत वाट करून द्या, नाहीतर मी ताईंकडे चालले. आत्ता ती बाई माझ्या टेबलाखाली आहे आणि सगळ्यात धाकटं पिल्लू खुर्चीवर. बाकी सगळं ठीक. ताईला नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुमचाच,
कुंपणवाला

ता. क. मूळ काम राहिलंच. दाढीचं कुंपण परत द्याल का? सगळं नको, टेकडीकडची आणि ओढ्याकडची अशी दोन टोकं मोकळी केली तरी पुरे. बदल्यात घड्याळ देतो, चांगलं, चावीचं.

ता. क. २ तुमच्या उत्तराची वाट बघणार होतो, पण रविवार आधी आला. काल दाढीच्या दोन्ही टोकांची तार काढली. मंडळी रांगेने निघाली. ही फाटकात उभी राहून "सांभाळून जा गं" म्हणाली. मी पंचवीस वर्षं घराबाहेर पडतोय, मला एकदाही म्हणाली नाही.

ता. क. ३ दाढी जिथे संपते तिथे, ओढ्यालगत, तुमची भोपळ्यांची वाडी आहे, हे मात्र मी साफ विसरलो होतो. सकाळपासून खिडकीशी कान लावून आहे. भोपळा फुटल्याचा आवाज तारेपेक्षा फार वेगळा असतो. आतापर्यंत नऊ मोजले, म्हणजे प्रत्येकी एक झाला. कुंपण हवं असल्यास कळवा. फक्त भोपळ्यांना, दाढीला आता मी हात लावणार नाही. नमुना क्रमांक सात सुचवतो. स्वतः अनुभवलाय.