पप्पांना सांगितलेले सिनेमे

गिरीज, वसई
सोमवार, शाळेतून आल्यावर

प्रिय जेन्सन,

नाताळात तू पाठवलेल्या यादीतले अकरा सिनेमे बघून झाले, नऊ राहिले. यादी उघडली तेव्हा खरं तर मी जरा नाराजच झाले होते. इंडोनेशिया, जॉर्जिया, फिनलंड, पेरू. एकाही ठिकाणचं भूत माझ्या ओळखीचं नाही. आपण दोघांनी शाळेत असताना स्टेशनजवळच्या दुकानातून भाड्याने सीड्या आणून इतकं बघितलंय की आता आरसा दिसला की मला कळतं, ती वाकून तोंड धुणार आणि वर बघेल तेव्हा मागे कोणीतरी असणार. कपाटाचं दार वाजलं की आधी मांजर निघतं आणि मग खरं ते येतं. गेली कित्येक वर्षं मी भुताचे सिनेमे बघते ते वर्गात पाढे ऐकल्यासारखे. कोणी चुकलं तर लक्ष जातं, घाबरायचं राहूनच जातं. तू लिहिलं होतंस, यात तुला पुढचं काही कळणार नाही. तेवढ्यावर मी बसले.

पहिला लावला तो इंडोनेशियाचा. शनिवारी शाळा अर्धाच दिवस असते. जेवून दोन वाजता लावला, खिडक्या सताड उघड्या, बाहेर केळीत ऊन. त्यात एक तरुण सून तांदूळ धुता धुता शीळ घालते. बस, एवढंच. तर घरातले सगळे जागच्या जागी थिजतात, सासूच्या हातातलं भांडं पडतं, सासरा उठून एकेक दार लावत सुटतो. मी नुसती बघत राहिले. शीळच तर घातली ना? तो भाग तीनदा मागे नेऊन बघितला. मग लक्षात आलं, त्यांच्याकडे तिन्हीसांजेला घरात शीळ घालायची नसणार. तिथल्या पोराटोरांना ते ठाऊक असणार, आणि मला कोणी सांगितलेलंच नाही. भीती अशी वाटली नाही, पण रात्रीपर्यंत डोक्यातून जाईना. त्यांच्यापैकी कोणाला आपल्याकडचं भूत दाखवलं तर काय कळेल? आपल्याला लहानपणी विहिरीतल्या गिऱ्ह्याची भीती घालायचे, पाय धरून खाली ओढतो म्हणून. तो माणूस म्हणेल, पाण्याला काय घाबरायचं?

पुढच्या शनिवारी पप्पा आले. तुला आठवत असेल, आपण सीडी लावली की ते उठून वाडीत जायचे. खोटं रडणं मला ऐकवत नाही म्हणायचे, आणि संपेपर्यंत केळीला पाणी लावत राहायचे. आई गेल्यापासून तर टीव्हीच्या खोलीत ते फिरकतही नव्हते. त्या दिवशी बाहेर ओट्यावरूनच त्यांनी विचारलं, 'प्रिस्का, ती बाई कुठल्या भाषेत रडते?' मी म्हटलं, जॉर्जियाची आहे. ते आत आले, तुझ्या जुन्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, 'सांग मग.'

खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती वाचून मी आपल्या घरच्या बोलीत सांगायला लागले. जॉर्जियातली मेलेली आजी गिरीजच्या बोलीत सुनेला विचारते, माझी घोंगडी कुठे ठेवलीस. मलाच हसू आवरेना. पप्पा हसले नाहीत. 'तिला थंडी वाजत असेल,' म्हणाले, 'देऊन टाका म्हणावं.' दीड तास कोणी दिली नाही. फादर येऊन गेले, पवित्र पाणी शिंपडून झालं, दोन माणसं मेली. शेवटी धाकट्या नातीने ती घोंगडी अंगणात नेऊन ठेवली तेव्हा आजी गेली. पप्पा उठता उठता म्हणाले, 'एवढं कळायला एवढा वेळ?' आणि दाराशी थांबून विचारलं, 'उद्या देवळात मिस्सा झाल्यावर कुठला आहे?'

तेव्हापासून दर शनिवार-रविवार आमचा खेळ असतो. फिनलंडच्या सिनेमात सुरुवातीची वीस मिनिटं नुसतं बर्फ आहे. पप्पा विचारायचे, काय दिसतं? पांढरं. आणखी? पांढरंच. जरा वेळाने म्हणाले, 'कोणीतरी चालतंय. एक पाय ओढत चालतंय.' मी म्हटलं, पडद्यावर कोणी नाही. 'असेल,' म्हणाले, 'आणि एकटा नाही. मागचा त्याच्या पावलावर पाऊल टाकतोय, म्हणून आवाज एकाचाच येतोय. पण पाऊल जड आहे.' मी आवाज वाढवला. मला वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना. दोन मिनिटांनी टेकाडामागून एक माणूस लंगडत आला, आणि तो वळला तेव्हा त्याच्या पाठीला लागून दुसरा उभा होता. जेन्सन, माझ्या अंगावर काटा आला. किती वर्षांनी, ते मलाच आठवेना. सिनेमा थांबवून मी पप्पांकडे बघत बसले आणि ते विचारत होते, वीज गेली का?

सांगायचं म्हणजे किती नीट बघावं लागतं ते मला याआधी ठाऊक नव्हतं. मी 'अंधार आहे' म्हटलं की ते विचारतात, कसला, खोलीतला की झाडाखालचा? 'चेहरा भयंकर आहे' म्हटलं की विचारतात, म्हणजे कसा? मग मला बारकाईने बघावं लागतं आणि कळतं की चेहरा नेहमीसारखाच आहे, फक्त पापणी मिटत नाही. त्यांना बाकी कशाचं काही वाटत नाही. संगीत जोरात सुरू झालं की मलाच धीर देतात, 'आता कोणी येत नाही, हे गप्प झाले की येईल.' आणि दर वेळी एकच चौकशी, त्या भुताला पाहिजे काय? पेरूचा सिनेमा चालू असताना त्यांनी मला थांबवून सांगितलं की आठ-नऊ वर्षांचे असताना ते आपल्या विहिरीच्या काठावर पालथे पडून गिऱ्ह्याला हेच विचारून आले होते. तुला काय पाहिजे? 'तर खालून तोही मला तेच विचारायला लागला,' म्हणाले. एवढी वर्षं ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. आईलासुद्धा नाही.

तू म्हणशील, एवढं सांगावं का लागतं, समोर बसलेत तर बघत का नाहीत. त्यांना दिसत नाही, जेन्सन. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता आणि ते त्यांनी मलाही कळू दिलं नव्हतं. काचबिंदू. डावाही त्याच वाटेने चाललाय हे डॉक्टरांनी गेल्या पावसाळ्यात सांगितलं. ऑपरेशन झालं तेव्हा मी तुला फोनवर म्हटलं, व्यवस्थित झालं. ऑपरेशन व्यवस्थितच झालं. जेवढी नजर उरली होती तेवढी टिकावी म्हणून ते केलं होतं, आणि ती टिकली नाही, एवढं मी सांगितलं नाही. ऑक्टोबरपासून त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तेव्हा तुझी लेक जीना तीन महिन्यांची होती आणि तुझी आयर्लंडमधली नोकरी नवी. पप्पांनी मला बजावलं, 'त्याला सांगायचं नाही. तो सगळं टाकून येईल, आणि येऊन काय करील? माझ्याकडे बघत बसेल.'

ओट्यापासून विहिरीपर्यंत मी नायलॉनची दोरी बांधलीय. ती धरून ते सकाळी केळीत जातात, घड भरला की नाही ते हाताने चाचपून सांगतात, आणि चुकत नाहीत. ती दोरी तू एकदा फोनमध्ये बघितलीस, तेव्हा मी म्हटलं, कपडे वाळत घालायला आहे. रविवारी तुझा फोन आला की मी त्यांना चिकटून बसते तेही त्यासाठीच. तू काही दाखवलंस की मी आधी मोठ्याने बोलते, अगबाई, लाल फ्रॉक. मग पप्पा म्हणतात, लाल शोभतो तिला. तू खूश होतोस. आम्ही दोघं इतके तयार झालोत की फोन ठेवल्यावर कधी कधी हसतो. हसतो, आणि मग पप्पा उठून ओट्यावर जाऊन बसतात.

काल तुझा फोन चालू असताना मी चहा गाळायला आत गेले. दोन मिनिटांचं काम, म्हटलं तेवढं निभेल. कप घेऊन बाहेर आले तर कोणीच काही बोलत नव्हतं. जीनाने तिच्या बाजूने फोनवर हात ठेवला होता. अख्खी काच तिच्या तळव्याने भरली होती आणि बोटांच्या फटीतून तिचा एक डोळा दिसत होता. तू मागे गालातल्या गालात हसत थांबला होतास, आजोबा आता हात लावतील म्हणून. आणि पप्पा हसऱ्या चेहऱ्याने फोनच्या जरा डावीकडे, भिंतीकडे बघत होते. मी तिथेच उभी राहिले. मला धावत जाऊन त्यांचा हात धरून काचेवर ठेवता आला असता. नाही जमलं. एवढे सिनेमे बघितले, पण पाय जमिनीला खिळतात म्हणजे काय होतं ते मला काल कळलं. जीनाने हात काढून घेतला. तू म्हणालास, आजोबा आज आपल्याच तंद्रीत आहेत, आणि दुसरा विषय काढलास.

तू फोन ठेवल्यावर पप्पांनी विचारलं, मधे सगळे गप्प का झाले होते? मी त्यांना सिनेमा सांगते तसंच सांगितलं. तिने काचेवर हात ठेवला, पाचही बोटं पसरून. बराच वेळ ठेवला. मग काढून घेतला आणि आपल्या बापाकडे बघितलं. 'रडली?' मी म्हटलं, रडली असती तर तुम्हाला ऐकू आलं असतं. चहा तसाच निवला. संध्याकाळी देवळाची घंटा झाली, प्रार्थना झाली, आणि मग ते म्हणाले, 'लिही त्याला. पण असं लिही की वाचल्यावर तिकीट काढायला धावणार नाही. आधी सिनेमांचं लिही.' म्हणून आधी सिनेमांचं लिहिलं. तू धावत येऊ नकोस, सुट्टी मिळेल तेव्हा तिला घेऊन ये. तोवर रविवारी फोन लावशील तेव्हा जीनाचं काय चाललंय ते तोंडाने सांगत जा. नुसतं छान आहे म्हणू नकोस, ते लगेच विचारतील, म्हणजे कशी? ती दिसते कोणासारखी तेही सांग. मी त्यांना आजवर सांगत आलेय की आईसारखी, कारण ते ऐकलं की त्यांचा चेहरा उजळतो. तू मात्र तिच्याकडे नीट बघून, खरं काय ते सांग.

तुझीच,
प्रिस्का