दिवे लावले

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे ठीक, म्हणजे पत्रात लिहितात तितपत ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा आई जास्त. अण्णा तुझ्याशी कधी बोलतील, असे तू विचारलेस. त्याकडे मग येते.

तुझ्या अवकाश केंद्रात रॉकेटच्या इंधनपंपासाठी तुम्ही बनवलेली ती डबी आमच्या कागद कारखान्यात पोचली! काडेपेटीएवढी. यंत्राला चिकटवली की आतली थरथर टिपते आणि पडद्यावर रेघ काढते. काही बिघडू लागले की तिचा हिरवा दिवा लाल होतो. मोठ्या रोलरवर लावली तर लगेच लाल. उघडून पाहिले, बेअरिंगला केसाएवढी चीर. मी बघतच राहिले. आकाशात जाणाऱ्या पंपाची नाडी बघणारी डबी पोरांच्या वह्यांच्या कागदासाठी राबते आहे. अंगावर काटा आला, खरंच.

त्या रोलरची देखभाल अण्णांकडे. स्क्रूड्रायव्हरचे टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते बेअरिंगचे दुखणे ओळखतात, तुला ठाऊकच आहे. आदल्याच दिवशी तसे ऐकून त्यांनी ‘ठणठणीत आहे’ म्हटले होते.

आता लिहायलाच हवे. अण्णांना ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले, पण कुणाला सांगू देत नाहीत. तुझा फोन आला की उठून बाहेर जातात आणि तुला वाटते, तू कारखाना सोडलास तेव्हाचा ‘आकाशात काय दिवे लावणार’ हा त्यांचा राग अजून आहे. राग कधीच ओसरला, दादा. नुसते ‘हॅलो, हॅलो’ करत राहायची त्यांना लाज वाटते.

त्या दिवशी सगळ्यांसमोर ते स्क्रूड्रायव्हर धरून खाली मान घालून उभे होते. मी खडूने रोलरच्या झाकणावर लिहिले, ‘डबी दादाची.’ त्यांनी वाचले, डबीवर तळहात ठेवला आणि पडद्यावरची रेघ बराच वेळ पाहिली.

“मी हेच ऐकायचो. असं दिसतं होय ते?”

मग, ऐकू न येणारी माणसे बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, “पोरानं दिवे लावले.”

टोमणा समजून सगळे हसले. अण्णांचे डोळे भरले होते.

आता फोन नको करूस. ये. समोर बसून सावकाश बोल, ओठांकडे बघून त्यांना कळते.

तुझी,
अण्णांनीच कर्कश म्हणून नाव ठेवलेली आणि आता त्यांनाच ऐकू न येणारी,
टिटवी