दूध बंद करून गेलेली बाई

२ ऑक्टोबर, गुरुवार
चारला बेल. नुसरतआपा. इथे मिशिगनमध्ये, ट्रॉयला, सहा वर्षं झाली, गुरुवारी चार वाजता पलीकडच्या गल्लीतून त्या येतात आणि माझ्या बायकोबरोबर, शैलाबरोबर, पाकिस्तानी सिरीयल बघतात. दोघी सोफ्यावर, मी कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर धरून. मी पेपर वाचत नाही हे दोघींना माहीत आहे.

आज पुन्हा मेहंदी. सलग तिसऱ्या गुरुवारी तेच लग्न. नवरीच्या मैत्रिणी आपल्या सिनेमातल्या गाण्यावर, आपल्याच सिनेमातल्यासारख्या नाचतात. कॅमेरा गोल फिरतो. दुपट्टा उडाला की खाली यायला अर्धं मिनिट. मी म्हटलं, हा सगळा माल आमच्याकडून गेलाय. वाटलं आपा चिडतील, तर त्या माझ्याहून वैतागलेल्या. त्यांच्या वेळी लाहोरच्या नाटकांत माणसं नुसती बसून बोलायची म्हणे, आणि तेवढं पुरायचं. पुढच्या गुरुवारी जुनं काहीतरी लावायचं ठरलं.

इथल्या मराठी मंडळाच्या मृणालचा फोन. पुढच्या १ तारखेला लायब्ररीत अर्धा तास बोलायचं आहे, 'हिंदी सिनेमा आणि शेजारी'. क्लिपा दाखवता येतील. काका, फन ठेवा, म्हणाली. ठेवतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार
जुनं नाटक लावलं. नेटवर सापडलं, प्रिंट धुवट. तीन खोल्या, सहा माणसं, एक पंखा. गाणं नाही. पंधरा मिनिटांत पेपर खाली ठेवला, हे कबूल करतो.

शेवटचा भाग. बायको बॅग घेऊन निघते. नवरा पेपर वाचतोय, मान वर करत नाही (इथे शै.ने माझ्याकडे पाहिलं). ती दारापर्यंत जाते, थांबते, मागे फिरते. वाटतं, राहिली. ती स्वयंपाकघरात जाते, वर आलेल्या दुधाखालचा गॅस बंद करते, भांड्यावर जाळी ठेवते. आणि जाते. एक शब्द नाही.

मी उठलोच. अरे, हा तर आमच्या सिनेमातला सीन! हिंदीत पाहिलाय मी, पुण्यात, लग्नाआधी, एकटा, मॅटिनी. दूध, जाळी, सगळं तेच. सरळ चोरी आहे म्हटलं, लायब्ररीत हेच दाखवतो, आधी सिनेमा, मग हे.

आपा हळू आवाजात म्हणाल्या, "आपको यक़ीन है, भाईसाहब?"
"हंड्रेड पर्सेंट."

त्यांनी कप खाली ठेवला, शै.ला 'चलती हूँ' म्हणाल्या आणि गेल्या. चहा अर्धा तसाच. साडेपाच पण झाले नव्हते.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
शै. कामापुरतं बोलते आहे. "मीठ दे" वगैरे.

संध्याकाळी पानं गोळा करताना तिला विचारलं, एवढं काय झालं? चोरी म्हटलं तर काय, सगळेच उचलतात. आपाच सांगतात की लाहोरला गच्चीवर जाऊन अँटेना अमृतसरकडे फिरवायच्या, रविवारचा हिंदी सिनेमा बघायला. आणि अमृतसरचे लोक अँटेना लाहोरकडे फिरवायचे, नाटकं बघायला. दोन्ही गच्च्यांवर बहुतेक एकाच वेळी माणसं. यावर त्या स्वतः हसतात. मग काल काय बिनसलं?

शै. म्हणाली, वही बघ.

वही म्हणजे माझी सिनेमाची वही. कॉलेजपासून पाहिलेला प्रत्येक सिनेमा: तारीख, थिएटर, दिग्दर्शक, लेखक, गुण. दहापैकी दहा आजवर कोणाला नाहीत. मी म्हटलं, वही कशाला बघायची, मला आठवतंय. तीस वर्षं क्वालिटीत काढली, लोकांच्या गाड्यांतल्या चुका काढायचा पगार घेतला. माझी नोंद चुकत नाही.

ती पानं ओढायचा रेक घेऊन अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
चार. सव्वाचार. बेल नाही. शै.ने टीव्ही लावलाच नाही. मी पेपर वाचला, खरंच वाचला. काही नसतं हो त्यात.

२० ऑक्टोबर, सोमवार
दिवाळी. मुलीचा व्हिडिओ कॉल, नात म्हणाली, "Aaji, you look like a movie." शै. खूश. चकल्या या वर्षी चांगल्या झाल्या, मी आठ दिले, पोह्यांना सात देतो त्या मानाने वर. ती म्हणाली, तुझे गुण तुझ्याजवळ ठेव.

नुसरतआपांकडे डबा पोचवून आली. नेहमीचाच, स्टीलचा, झाकणाला पोचा असलेला. गेली सहा वर्षं तो दोन घरांत फिरतोय. आपल्याकडून चकली-चिवडा जातो, तिकडून ईदेला शेवया, मध्येच कबाब. (कबाब मी खातो. शै. खात नाही. हे मंडळात माहीत नाही.)

२२ ऑक्टोबर, बुधवार
डबा दारात ठेवलेला सापडला. बेल न वाजवता ठेवून गेल्या. शै.ने उघडला.

घासून पुसून स्वच्छ. रिकामा.

रिकामा डबा परत जात नाही. पुण्यात नाही, लाहोरमध्येही नाही. निदान चमचाभर साखर तरी घालतात. शै. किचनमध्ये तशीच उभी राहिली झाकण हातात घेऊन. 

मग तिने फोन केला. आत जाऊन, दार लावून, पाऊण तास. बाहेर आली आणि माझ्यासमोर बसून सगळं सांगितलं. आपा चोविसाव्या वर्षी लाहोरच्या स्टेशनवर स्क्रिप्ट असिस्टंट होत्या. कागद टाइप करायच्या, नटांना वाटायच्या. त्या नाटकाचा शेवट लेखकाला जमेना. त्यांनी हा सीन लिहून दिला, अर्ध्या पानाचा. तो तसाच्या तसा घेतला. नावं येतात त्यात त्यांचं नाव नाही. नंतर लग्न, मग मिशिगन, मग इथल्या दाताच्या डॉक्टरकडे तीस वर्षं रिसेप्शनवर. आयुष्यात लिहिलेला एवढा एकच सीन टीव्हीवर आला. त्या गुरुवारी आपल्याला तो दाखवायला त्यांनीच नाटक निवडलं होतं. संपल्यावर सांगणार होत्या.

आणि मी उठून चोरी म्हणालो.

शै. म्हणाली, "तिने तुझ्याशी भांडायला हवं होतं. तिला ते जमत नाही."

२५ ऑक्टोबर, शनिवार
वही काढली. माफी मागायचीच आहे. पण निदान सिनेमाची तारीख तरी माझी बरोबर निघावी, अशी आशा होती. खोटं कशाला लिहू.

सिनेमा सापडला. शेरा माझ्याच अक्षरात: "सौ.बरोबर. बाल्कनी. दुधाच्या सीनला सौ. रडली. मी नाही (थोडा). गुण ७." सौ.बरोबर! म्हणजे लग्नानंतर. म्हणजे एकटा नव्हतोच, शेजारी ही बसलेली होती, रडत होती, आणि मी तिला साफ विसरलो.

मग मागची पानं उलटली. लग्नाच्या दोन वर्षं आधीची नोंद: "दुबईहून आलेली कॅसेट, मित्राच्या रूमवर. पाकिस्तानी नाटक. सुरुवातीची टेप खराब, नाव माहीत नाही. बाई दूध बंद करून जाते. असा शेवट आपल्याकडे कोणी लिहीत नाही. लेखक: ? शोधणे. गुण ९॥."

साडेनऊ. एवढे मी कुणालाच दिलेले नाहीत, पुढेमागे चाळून पाहिलं.

म्हणजे नाटक आधी. उचलला असेल तर आपल्यावाल्यांनी. आणि मी तो सीन आधी व्हीसीआरवर पाहिला, नंतर बाल्कनीत, आणि डोक्यात दोन्हीची मिळून एक मॅटिनी केली.

शै.ला वही दाखवली. बाल्कनीचं तिला माहीतच होतं. मग बोलली का नाहीस? म्हणाली, "मी बरोबर होते हे तुला माझ्याकडून कळून काय उपयोग? तू वहीचंच ऐकतोस."

सिनेमा तिला आवडला होता का, विचारलं. चाळीस वर्षांनी विचारतोय.

२६ ऑक्टोबर, रविवार
डबा घेऊन आपांकडे गेलो. डब्यात शै.चे बेसनलाडू, वर त्या साडेनऊवाल्या पानाची झेरॉक्स. गाडी ड्राइव्हवेत होती. दोनदा बेल वाजवली. दार उघडलं नाही. डबा पायरीवर ठेवला. खारींना लाडू कळू नयेत म्हणून झाकणावर कुंडी ठेवली.

मृणालला मेसेज: विषय तोच, क्रम उलटा. तिचा थंब्ज-अप.

१ नोव्हेंबर, शनिवार
लायब्ररी. चाळीसेक माणसं, निम्मी समोशांसाठी. आधी नाटकाचा सीन दाखवला, मग सिनेमाचा. मग वही वाचून दाखवली, "मी नाही (थोडा)" सकट. हशा. मग सांगितलं की मी क्वालिटीचा माणूस, वहीत 'शोधणे' लिहिलं की तो ओपन आयटम, न मिटलेलं काम, आणि हा चाळीस वर्षं ओपन होता. मग सगळ्यांसमोर पेन काढून प्रश्नचिन्ह खोडलं आणि तिथे लिहिलं: नुसरत. नाव मोठ्याने वाचलं. दोनदा.

त्या आल्या होत्या की नाही, ठाऊक नाही. दिवे मालवलेले होते. मृणाल म्हणाली, मागे एक आंटी उभ्या होत्या, निळा कोट, लाइट लागायच्या आत गेल्या. आपांचा कोट निळा आहे. पण ट्रॉयमध्ये निळे कोट काय कमी आहेत.

शै.ने परत येताना गाडीत माझ्या हातावर हात ठेवला. सिग्नल हिरवा झाला तरी मी थांबलो, मागच्याने हॉर्न दिला.

६ नोव्हेंबर, गुरुवार
चार. शै.ने चहाचं आधण ठेवलं, तीन कपांचं. मी म्हटलं, दोन कपांचं ठेव, नंतर वाईट वाटेल. तिने ऐकलं नाही.

चार वाजून सात मिनिटांनी बेल.

निळा कोट. हातात डबा, जड. आत खीर, वर पिस्ते. मी दारातच म्हणालो, "आपा, चुकलो." मराठीतच निघालं तोंडातून. त्यांना समजलं. म्हणाल्या, "साढ़े नौ क्यों? आधा किस बात का काटा?"

मी म्हटलं, टेप खराब होती. तेव्हा हसल्या.

मेहंदीवाली सिरीयल लावली. लग्न अजून चालूच. चार गुरुवार बघितलं नाही तरी काही चुकलेलं नव्हतं. नाच सुरू झाल्यावर त्यांनीच आवाज बंद केला, आणि मी इतके दिवस मनात असलेलं विचारलं. ती बाई पुढे परत येते का? नाटक तर तिथेच संपतं. सीन तुमचा, म्हणजे तुम्हालाच माहीत असणार.

आपा खीर वाढत होत्या. म्हणाल्या, पुढचं अर्धं पानही लिहिलं होतं, दिग्दर्शकाने घेतलं नाही. त्यात काय होतं, ते सांगितलं नाही.

मी म्हणतो, आली. परत यायचं नसेल तर दूध उतू गेलं काय न् राहिलं काय. शै. म्हणते, नाही आली. घर नीट आवरून गेलेली बाई परत येत नसते, हे तुला पेपर वाचून कळायचं नाही. आम्ही दोघांनी बराच वाद घातला. आपा मधे बसून एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत खीर खात होत्या.

पेपर आजपासून बंद केला. डबा धुऊन ठेवलाय, काय भरायचं ते शै. ठरवते आहे.