कुंपणावरचं लाल फडकं

प्रिय धर्मपाल,

सप्रेम जय भीम. सुगत गेल्यापासून मी तुझ्याशी बोलले नाही. रागाने नाही. राग येईल म्हणून वाट पाहिली, तोही आला नाही. रोज डायरी लिहिते. त्यात दूध, लाइट बिल, आमच्या पायलची शाळा, तिचा खोकला, एवढंच असतं.

अमरावतीला मी वकिलीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला, हे आईने तुला सांगितलं असेल. वर्गातली पोरं मला काकू म्हणतात. मोर्शीची आकांक्षा शेजारी बसते. ती म्हणते, "काकू, तुमी सरांचा खोकलाही लिहून राहिल्या काय?" सगळे हसतात. मीही हसते. कुठे हसायचं ते अजून कळतं मला.

फौजदारी कायद्याची मूलतत्त्वं हा विषय आहे. नुसतं कृत्य म्हणजे गुन्हा नव्हे, कृत्यामागचं मन पाहावं लागतं, इथून सुरुवात होते. हेतू होता का? हेतू नसेल तर असं होऊ शकतं याची जाणीव होती का? तीही नसेल तर साधी काळजी तरी घेतली होती का? सर पुस्तकातली उदाहरणं सोडून आपल्याकडची देतात. एकदा त्यांनी विचारलं, एका शेतकऱ्याने रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत करंट सोडला आणि माणूस मेला, तर काय? पियुष नावाचा पोरगा लगेच म्हणाला, "सर, गावात सगळेच लावतात न. त्याले काय मालूम कोन येईन?" दुसरी म्हणाली, "करंटनं मानूस मरते हे मालूम नाही काय त्याले?" बराच वेळ वाद चालला. त्यांना माझं काही माहीत नाही. मी दोन्ही बाजू नीट लिहून घेतल्या. परीक्षेत हाच प्रश्न आला आणि मला चांगले गुण मिळाले. त्या दिवशी बसस्टॉपवर उभी राहून मी स्वतःला विचारलं, रागिणी, तुला काही होतंय का? बस आली, मी बसले.

आपल्या बार्शीटाकळीकडच्या शेतांत एक रीत आहे, ती सरांना ठाऊक नसावी. करंट लावण्याआधी फाटकाच्या खांबाला लाल फडकं बांधायचं, करंट बंद केला की सोडून तिथेच खांबात खोचून ठेवायचं. फडकं बांधलेलं दिसलं की कोणी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाय ठेवत नाही. सुगत अमरावतीचा, पण त्यालाही तू लग्नाच्या पहिल्याच वर्षी बजावलं होतंस, "भाऊजी, लाल दिसलं का मांगं फिरा." तो तुझी थट्टा करायचा, म्हणायचा, "साळ्याचं शेत हाये का रेल्वे टेसन?"

त्या दिवशी दुपारी आपण सगळे शेतात होतो. हरभरा घाट्यांवर आला होता. आम्ही घरी परतलो आणि संध्याकाळी सुगतला आठवलं, चष्मा आंब्याखालीच राहिला. तो निघाला, मी चार पावलं मागे. उजेड होता, शेताकडची पांदणवाट स्पष्ट दिसत होती. फाटकाशी तो वाकला आणि तारेला चिकटला. तू मोटारीच्या खोलीकडून धावत आलास. बटन बंद करायला मागे वळला नाहीस, उघड्या हातांनी त्याला ओढायला गेलास आणि फेकला गेलास. हे मी पाहिलं आहे आणि कोर्टात सांगणार आहे.

आई रोज फोन करते. "एक शब्द त बोलाचा हाये, बाई. फडकं होतं म्हन. जवायानं पाह्यलं नाही म्हन. गेला थो गेला, आता ह्यालेही जेलात घालतं काय?" तुझ्या वकिलाचंही तेच म्हणणं आहे. तूही पोलिसांना फडकं बांधलं होतं असंच सांगितलंस. तू खोटं बोललास असं मला वाटत नाही. रोज बांधणाऱ्या हाताला त्याही दिवशी बांधल्यासारखंच वाटणार.

पण फडकं नव्हतं. अकोल्याच्या कोर्टाचं समन्स आलं आहे, पुढच्या आठवड्यात माझी साक्ष आहे. हे तुला तिथे, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा ऐकावं लागू नये म्हणून लिहिते आहे. त्या दुपारी मी म्हणाले होते, पायलला हिरवा हरभरा फार आवडतो. तू लगेच टहाळ उपटलास. बांधायला काही सापडेना, तेव्हा खांबात खोचलेलं फडकं काढून त्यात गाठोडं बांधलंस आणि माझ्या हातात दिलंस. सुगतचं सगळं आटोपून इथे आल्यावर किती तरी दिवसांनी मी ते सोडलं. घाटे वाळून गेले होते. मी ते फडकं धुतलं, घडी घातली. ते मी बरोबर आणणार आहे आणि माझ्याकडे कसं आलं तेही सांगणार आहे. याने तुझी शिक्षा वाढेल की कमी होईल, मला ठरवता येत नाही. हे सांगण्यामागे माझा हेतू काय, तेही शिकल्याप्रमाणे तपासून पाहिलं. काही सापडलं नाही. सकाळच्या गाडीने येईन. आईला म्हणावं, साक्ष झाल्यावर मी घरी येणार आहे, माझाही स्वयंपाक करून ठेव.

तुझीच,
रागिणीताई