कप्तान आपेलु तोआफा याने शुद्धीत असताना लिहून ठेवलेलं

मी, आपेलु तोआफा, वय वर्षे चौपन्न, राहणार पालाउली, सवाई बेट, सामोआ, राष्ट्रीय रग्बी संघाचा नऊ वर्षं कप्तान, आज शुद्धीवर आहे. आपियाच्या डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. दाखला किती दिवस चालेल हे त्यांनी लिहिलेलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जे लिहायचं ते लवकर लिहा." हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली करत नाही. भीतीपोटी करतो, आणि भीती माझी स्वतःची आहे.

१. जमीन आणि घर घराण्याचं आहे, ते माझं देण्याचं नाही. मात्र माझी बायको फेतू हयात असेपर्यंत तिला त्या घरातून कोणी हलवू नये. हलवायची वेळ आली तर मला हलवावं. कारण लिहितो.

मे महिन्यात भर दुपारी मी अळूच्या मळ्यातून घरी येत होतो. चाळीस वर्षांची पायवाट, मध्येच मला ओळखू येईना. नीरफणसाखाली बसून राहिलो. फेतू शोधत आली. मी तिला विचारलं, "बाई, तुम्ही कोणाच्या?" ती हसली. म्हणाली, "तुझ्याच. चल, जेवण निवतंय." तिला थट्टा वाटली. मीही हसलो, पण घरी पोचेपर्यंत मला तिचं नाव आठवलं नव्हतं.

पाच आठवड्यांनी ती कोकोचा कप घेऊन माझ्या मागून आली आणि मी तिला खांद्याने पाडलं. मैदानात पाडायचो तसं, खाली वाकून, सगळा जोर लावून. भानावर आलो तेव्हा ती जमिनीवर होती आणि तिचं मनगट सुजत होतं. शेजारपाजारी तिने पाय घसरल्याचं सांगितलं. मी इथे लिहून ठेवतो की तिचा पाय घसरला नव्हता.

तेव्हा यापुढे तिला माझ्याजवळ एकटीला ठेवू नये. माझा धाकटा भाऊ सेउला याने आमच्या घरी राहायला यावं. एका डुकरावरून आम्ही सात वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही. डुक्कर त्याचंच होतं. हे मी आज कबूल करतो, आता त्याने यावं. माझे दोन्ही कोयते आणि नारळ सोलायचा खुंटा त्याला द्यावा. पण मी हयात असेपर्यंत कोयते माझ्या हाती लागतील असे ठेवू नयेत.

२. निळ्या जर्सी सहा आहेत. पाच फेतूने पुसायला घेतल्या तरी माझी हरकत नाही. सहावी माझ्या संघात खेळलेल्या केनेसेची आहे, ती त्याची बहीण लागी हिला परत करावी. माझ्या शिलकीचा अर्धा भागही केनेसेच्या देखभालीसाठी लागीला द्यावा, उरलेला फेतूला. यावर घराण्यात कोणी वाद घालील, म्हणून घडलं ते सांगतो.

उत्तरेकडच्या एका थंड देशात सामना होता. उत्तरार्धात केनेसेचं डोकं कोणाच्या तरी गुडघ्यावर आदळलं. उठला, माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आपेलु, आपण कुठल्या बाजूला जातोय?" मी बोट दाखवलं, "त्या खांबांकडे." डॉक्टर धावत आले. "कप्तान, हा ठीक आहे ना?" मी म्हणालो, "हा नेहमीच असा असतो." डॉक्टर हसून परत गेले. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. आपियात मिरवणूक निघाली, तेव्हा गाडीत माझ्या शेजारी बसून केनेसेने विचारलं, "कोण आलंय रे?" त्यानंतरही मी त्याला चार वर्षं खेळवला.

गेली अकरा वर्षं तो उपोलू बेटावर लागीच्या घरी बसून आहे. मी एकदाही गेलो नव्हतो. गेल्या महिन्यात बोटीने गेलो.

लागी दारातच म्हणाली, "सापडली का वाट?"

"सापडली."

"बस. मोठ्याने बोलू नकोस, तो घाबरतो."

तिघांना एकटा रेटणारा माणूस चटईचे धागे उपसत बसला होता. मी त्याला डॉक्टरांना काय सांगितलं होतं ते सांगितलं. माफी मागितली. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि चटईवर मला जागा करून दिली. "बसा ना तुम्ही," तो म्हणाला. "आत्ता माझा कप्तान येईल. काय करायचं ते तो सांगेल."

परतीच्या बोटीत बसलो. मी माझं पुढलं वर्ष बघून आलो होतो.

३. माझा मेंदू न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांना तपासायला द्यावा. पाद्रीबुवांना हे पसंत नाही. ते म्हणाले, "देवासमोर अर्धाच जाणार का?" मी म्हणालो, "बुवा, अर्धा आधीच गेलाय." बाकीचा देह आमच्या रीतीप्रमाणे घरासमोर पुरावा. संघाच्या व्यवस्थापनातले लोक येतील. त्यांना पोटभर वाढावं, भाषण करू देऊ नये.

४. माझी मुलगी लितारा जूनपासून महिला संघाची कप्तान आहे. मी तिला खेळ सोड म्हणालो.

"तुम्ही सोडला असता?"

"नाही."

 मग ती म्हणाली, "गेल्या शनिवारी आमच्या सिनाचं डोकं आपटलं. ठीक आहे, ठीक आहे म्हणत होती. मी तिला हाताला धरून बाहेर बसवलं. आम्ही हरलो. लोक अजून शिव्या घालतायत."

"हे कोणी शिकवलं तुला?"

"केनेसेकाकांकडे जायचे ना मी. तुम्ही जात नव्हता, आई न्यायची."

इतकी वर्षं या दोघी मला न सांगता त्याच्याकडे जात होत्या. मला राग आला नाही, लाज वाटली. माझ्या आईची बारीक विणीची मानाची चटई लिताराला द्यावी. तिला मी मनाई करत नाही. ती मैदानात उतरली की मी रेडिओ बंद करतो, एवढंच.

५. शेवटचं. यापुढे कधी मी स्वतः येऊन हा कागद बदला, फाडा, जाळा असं म्हणालो, शपथा घातल्या, रडलो, तरी माझं ऐकू नये. त्या माणसाला माझा चेहरा असेल, आवाजही असेल. त्याला खाऊपिऊ घालावं, स्वच्छ ठेवावं, त्याच्यावर ओरडू नये. पण माझ्या वतीने बोलायचा हक्क मी त्याला दिलेला नाही.

सही: आपेलु तोआफा

आमच्यादेखत वाचून दाखवलं, त्यांनी आमच्यादेखत सही केली. आम्हाला यातलं काही मिळायचं नाही.

साक्षीदार: पाद्री मोसेसे ऊलुगिया
साक्षीदार: सिस्टर तुआलिमा आफामासागा, जिल्हा दवाखाना

पालाउली, बुधवार, २१ ऑगस्ट २०१९