अल्सीदिसच्या पायातले जोडे

फ्रांका, ऑगस्टचा शेवटचा आठवडा

प्रिय निल्झाताई,

आधी तुझा आशीर्वाद मागतो, मग बाकीचं. तू, भाऊजी आणि तुझी ती गुडघेदुखी, तिघंही पोर्तुगालात सुखरूप असाल असं धरून चालतो. आमच्याकडे सगळे ठीक, म्हणजे जे उरलोत ते ठीक. तुमच्याकडे उन्हाळा, इथे थंडी कोरडी पडली आहे, वारा लाल धूळ घरात आणून टाकतो, आणि माझा खोकला आता इतका जुना झालाय की दवाखान्यात त्याची चौकशी घरच्या माणसासारखी करतात.

फोनवर तू विचारलंस, दादाला नीट पाठवलंत ना? मी ‘हो’ म्हणालो आणि लाइन तुटली. (तुटली नव्हती, मीच फोन ठेवला. दाल्वावहिनी शेजारी उभी होती.) ते ‘हो’ एका शब्दात मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र. निवांत बसून वाच.

गुरुवारी सकाळी आपला अल्सीदिसदादा फाटकाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत उन्हाला बसला होता. पायांत पाणी झाल्यापासून रबरी चपलाही चढत नसत, तर त्या नुसत्या समोर मांडून ठेवायचा, पाहुणे आल्यावर कप मांडतात तशा. वहिनी कॉफी गाळून बाहेर आली तोवर तो गेलेला होता. चेहरा शांत होता. मधल्या सुट्टीचा भोंगा व्हायची वाट बघतोय असा.

दुपारी अंत्यविधीवाल्या कंपनीचा माणूस त्याला तयार करून घरी घेऊन आला. (नगरपालिकेच्या हॉलमध्ये नाही, घरातच ठेवायचं, असा वहिनीचा हट्ट.) पेटी बरी होती. कोटही बरा होता, निदान पुढून. मागून तो नव्हताच, पाठीला दोन नाड्या बांधलेल्या. आणि पाय उघडे. मी विचारलं तर तो पोरगेलासा माणूस फार अदबीने म्हणाला, जोडे आमच्या योजनेत बसत नाहीत, आणि तसंही खाली सगळी फुलं येतात, पाय कोण बघतं?

“मी बघते,” वहिनी म्हणाली. “जन्मभर हा माणूस परक्यांच्या पायांत जोडे चढवत आला. अनवाणी जाणार नाही.”

आता तू म्हणशील, फ्रांकामध्ये जोडे मिळायला काय अडचण? मलाही तसंच वाटलं. आपल्या आजोबांनी इथे खोगिरं शिवली, बाबांनी बूट शिवले, आणि आपण तिघं शाळेतून निघालो ते थेट पिनेलींच्या बुटांच्या कारखान्यात. कॉफीचे मळेवाले बुडाले तेव्हा लोक म्हणाले गाव संपलं, आणि तेव्हाच चामड्याने गावाला हात दिला. मग अमेरिकेच्या ऑर्डरी आल्या. तुला आठवतं ना, सगळ्या गावाला सरसाचा वास यायचा आणि आपण म्हणायचो हा पैशाचा वास. पुढे डॉलर पडला, चिनी माल आला, आणि उरलेले कारखाने उत्तरेला सेआरा राज्यात गेले, कारण तिकडे सरकारने कर माफ केला आणि मजूर अजून उपाशी होता. (दादाचा मुलगा जेआन त्यांच्याच मागे तिकडे गेला. दादाचा एकुलता एक बरा जोड त्यानेच मुलाखतीला म्हणून नेला होता. बसने यायला त्याला दोन दिवस लागतात, आणि आपल्याकडे मेलेल्या माणसाला इतका वेळ देत नाहीत.) तर घरात जोडे नव्हते. आपण बनवले ते सगळे दुसऱ्यांच्या घरी आहेत.

मी आधी बाजारात गेलो. मोठ्या दुकानात छतापर्यंत खोकी. दादाचा नंबर चव्वेचाळीस, आणि सूज धरली तर त्याच्याही पुढे. विकणारी मुलगी गोड होती. ती आत गेली आणि चव्वेचाळीसचा एकुलता एक जोड घेऊन आली: पोपटी, फुटबॉलचा, खाली खुंट्या.

“काका, गवतावर खेळायचंय की सिमेंटवर?”

“मातीत,” मी म्हणालो. “आणि खेळायचं नाही, झोपायचंय.”

तिला वाटलं मी प्यायलोय. खोकं उलटं करून बघितलं, माल इथला नव्हता, आपल्या देशातलाही नव्हता. मी पोपटी जोडा हातात घेऊन जरा वेळ विचार केला हे मान्य करतो. मग वहिनीचा चेहरा आठवला आणि तो खाली ठेवला.

तिथून पिनेलींच्या कारखान्यात गेलो. तो कधीच बंद पडलाय, हे तुला माहीत आहे. पण त्याचं पुढे काय झालं ते माहीत नसेल. अर्ध्यात सुपरमार्केटचं गोदाम आहे आणि अर्ध्यात, जिथे आपली शिवणाची रांग होती तिथे, प्रार्थनामंदिर. पाद्री कोण, तर जुरांदिर, आपला मुकादम, जो संडासाच्या दाराशी घड्याळ घेऊन उभा राहायचा. आता तो सगळ्यांना भाऊ म्हणतो. मला मिठी मारली, दादासाठी डोळ्यांत पाणी आणलं (खरं होतं, उगाच कशाला नावं ठेवू), आणि म्हणाला, मागच्या खोलीत जुने नमुने पडलेत, हवे ते घेऊन जा.

ताई, त्याने ते दार उघडलं. फळ्यांवर रांगेने आपलं काम. अस्सल चामडं, तीच बारीक शिवण. काही तर माझ्याच हातची असणार. मी एक उचलला, दुसरा उचलला, तिसरा उचलला. सगळे डावे. परदेशी गिऱ्हाइकाला दाखवायला विक्रेते एकेकच पाय न्यायचे, म्हणजे कुणी चोरला तरी त्याचा उपयोग नाही. ही शक्कल जुरांदिरचीच. शिवाय सगळे चाळीस नंबरचे. दादाची बोटंसुद्धा आत गेली नसती.

“दोन डावे घे,” जुरांदिर म्हणाला. “खाली शिवण जराशी उसवली की बसतील. देवाच्या दारात उजवं-डावं कोण बघतो?”

“तू बघायचास,” मी म्हणालो. “एका खोक्यात दोन डावे गेले म्हणून तू अल्सीदिसला आठवडाभर घरी बसवलं होतंस.”

त्यावर तो डोळे मिटून प्रार्थना म्हणायला लागला. त्याची प्रार्थना लांबते अशी ख्याती आहे, म्हणून मी आमेनची वाट न बघता निघालो.

रिकाम्या हाताने घरी आलो तर अंगणात अख्खी गल्ली जमलेली. कॉफी फिरत होती, चीजचे गोळे फिरत होते. वहिनीने माझ्या हातांकडे बघितलं. तेव्हा समोरचा ओनोफ्रे म्हणाला, “ओस्मार, आपण सगळे मिळून काय करतो दिवसभर? जोडेच ना?”

बोलायला सोपं. कारखाने गेले तरी काम गेलं नाही, ते फुटून आमच्या गॅरेजांत आलं, हे तुला ठाऊकच आहे. पण कसं फुटलं ते बघ. ओनोफ्रे नुसता चामडं कापतो. मी वरचा भाग यंत्रावर शिवतो. पुढची जाड टीप वहिनी हाताने घालते, दुसऱ्या बायकांसारखीच, दारात बसून. ओनोफ्रेची बायको झेलिया तळ चिकटवते. ठेकेदाराची गाडी एका दारातून पोतं उचलते आणि दुसऱ्या दारात टाकते. अख्खा जोडा आमच्या गल्लीत कित्येक वर्षांत कुणी पाहिलेला नाही. तरी आम्ही कामाला लागलो. ठेकेदाराच्या पोत्यातलं सगळ्यांत चांगलं तपकिरी चामडं ओनोफ्रेने काढलं, जरा घुटमळला, आणि कापलं. मी शिवलं. वहिनी पेटीजवळच्या खुर्चीत बसली, चष्मा लावला, आणि लोक येऊन सांत्वन करत होते तेव्हा ती मान खाली घालून टीप घालत राहिली. लोकांना वाटलं ती जपमाळ ओढतेय.

अंधार पडायच्या आत वरचे भाग तयार झाले, तळ तयार झाले, आणि मग आम्ही चौघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. मधलं एक काम राहिलं होतं. वरचं चामडं लाकडी साच्यावर चढवून, पकडीने ओढून, खाली वळवून बसवायचं, ज्याने कातड्याचा जोडा होतो. ते काम आमच्या गल्लीत एकच माणूस करायचा, आणि तो पेटीत होता.

मागच्या खोपटातून त्याचे साचे आणले. सगळ्यांत मोठा त्रेचाळीसचा. झेलियाने तो दादाच्या पायाशी धरून बघितला आणि परत ठेवला. शेवटी वहिनी उठली, लोकांनी आणून ठेवलेली फुलं बाजूला केली, चादर वर सरकवली आणि दादाच्या पायावर टिचकी मारली. लाकूड वाजावं तसा आवाज आला.

“हा घ्या साचा,” ती म्हणाली.

ताई, तुला सांगताना माझा हात थांबतो. पण तू विचारलंयस. मी आतला तळ पायाखाली धरला, वहिनीने दोन्ही हातांनी टाच धरली, आणि ओनोफ्रेने दादाचीच पकड घेऊन चामडं ओढलं. पहिल्यांदा ते वाकडं बसलं. दुसऱ्यांदा सरस वाळला. अंत्यविधीवाला पोरगा फुलं लावायला परत आला होता, त्याने ते बघितलं, सरसाचा वास घेतला आणि ओट्यावर जाऊन बसला. झेलियाने त्याला साखरपाणी दिलं. तिसऱ्यांदा उजवा बसला. असा बसला, ताई, की पिनेलींच्या चांगल्या दिवसांतही कुणाच्या पायात बसला नसेल. डाव्याच्या चवड्यावर मात्र सुरकुत्या राहिल्या, कितीही ओढलं तरी जाईनात.

वहिनी बराच वेळ त्या सुरकुत्यांवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, “त्याने हा परत पाठवला असता.”

आणि हसली. आणि मग, तो गेल्यापासून पहिल्यांदा, रडली. ओनोफ्रेच्या हातात पकड तशीच होती, तोही रडला. मी खोकत होतो.

शुक्रवारी सकाळी त्याला आई-बाबांच्या शेजारी ठेवलं. वहिनीने पायांवर फुलं घालू दिली नाहीत. येणारा प्रत्येक जण आधी जोड्यांकडे बघायचा, मग चेहऱ्याकडे, आणि सगळे जोडेवालेच असल्यामुळे जाताना शिवणीबद्दल काहीतरी बोलून जायचे. तेव्हा हो, ताई, नीट पाठवला.

भाऊजींना नमस्कार. वहिनी तुझी रोज आठवण काढते, पण फोनवर बोलायला तयार नाही. तुझाच,

ओस्मार

ता.क. ठेकेदारही आला होता. स्वतःचं चामडं त्याने लांबूनच ओळखलं. मी, ओनोफ्रे आणि झेलिया भिंतीला टेकून उभे राहिलो. तो वाकला, शिवण बघितली, तळ बघितला, छातीवर क्रूस काढला आणि बाहेर येऊन हळूच मला म्हणाला, असा पूर्ण जोडा तुम्ही गल्लीतच काढू शकत असाल तर महिन्याला किती जोड द्याल? मी म्हणालो, साच्याची अडचण आहे. तो म्हणाला विचार करा, पण भाव मात्र आत्ताच्यापेक्षा कमी लागेल, तिकडे सेआरात अजून कमी आहे.

दुसरा ता.क. वहिनीने ठेकेदाराला होकार कळवलाय. ओनोफ्रे आणि झेलियाने दादाचं खोपटं झाडून काढलं. ओनोफ्रे रोज संध्याकाळी जुन्या साच्यांवर हात बसवतोय. सुरकुत्या कमी होताहेत. वहिनी पुन्हा जेवायला लागली आहे. शिवणाची बाजू ओस्मार सांभाळेल, असं तिने मला न विचारताच त्याला सांगितलं.

तिसरा ता.क. तुमच्या गावाजवळ जोड्यांचे कारखाने आहेत ना? तिथे म्हातारा शिवणारा चालतो का, एवढं विचारून ठेव. माझ्या नावाने विचारू नकोस. आणि उत्तर घरी पाठवू नकोस, पत्रं वहिनी उघडते. सुपरमार्केटच्या गोदामाच्या पत्त्यावर पाठव, तिथला पहारेकरी ओळखीचा आहे.