पडद्यांच्या विभागातल्या आजी

दि. ९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू क्षणभर थांबली असशील. सव्वा वर्षाने लिहितेय. फोन तीनदा हातात घेतला, पण तू उचललास तर पहिलं वाक्य काय बोलायचं ते सुचेना. कागदावर निदान खोडता येतं.

तुम्ही सगळे बरे असाल. भाची आता दहावीत ना? आमचं ठीक चाललंय. आई मजेत आहे.

मी नोकरी धरली, हे तुला कुणाकडून तरी कळलं असेल. शिवणकाम बंदच पडलं. तयार पडदे हवे तितके मिळायला लागल्यावर मापं द्यायला आपल्याकडे कोण येणार? मग ज्या दुकानाने आपली गिऱ्हाइकं नेली, तिथेच जाऊन अर्ज दिला. घरसामानाचं अवाढव्य दुकान आहे. अशी त्यांची शंभरेक दुकानं आहेत म्हणे, आणि सगळी आतून एकसारखी, म्हणजे माणूस कुठल्याही गावात हरवला तरी त्याच जागी हरवेल. मी तिसऱ्या मजल्यावर असते. पडदे, चादरी, उशा. निळा एप्रन, आणि छातीवर बिल्ला, "विचारा, मी सांगते." लोक विचारतात. मला बरेचदा सांगता येत नाही.

माझाही इलाज नसतो. दर पंधरा दिवसांनी वरच्या ऑफिसातून नवा नकाशा येतो आणि दुकान उघडायच्या आत आम्ही सगळं इकडचं तिकडे करतो. परवा एका बाईने विचारलं, उशा कुठे आहेत. मी ठामपणे बोट दाखवलं. तिथे आरसे लागले होते. त्यात आम्ही दोघी उभ्या, आणि मी आमच्याकडेच बोट दाखवतेय. का हलवता म्हणून मी एकदा मॅनेजर बाईंना विचारलं. त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण बोलायला चांगल्या आहेत. म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला वस्तू लगेच सापडली की ते लगेच निघून जातं. थोडं भरकटलं की चार वस्तू जास्त घेतं." गिऱ्हाइकाचं माहीत नाही, मी मात्र रोज भरकटते.

मजल्याच्या मधोमध खोल्या मांडल्यात. झोपायची खोली, बसायची खोली, मुलांची खोली. प्रत्येकीला भिंती तीनच, चौथ्या बाजूने लोक बघत जातात. टीव्ही पुठ्ठ्याचा, पुस्तकं आतून कोरी. सफरचंदं प्लास्टिकची, तरी एकावर कुणाचे तरी दात उमटलेत. लोक त्या सोफ्यांवर बसून चक्क भांडतात, ताई. खरं घरगुती भांडण.

आणि खोटी गिऱ्हाइकं येतात. म्हणजे वरचं ऑफिस माणसं पाठवतं, साध्या वेशात, आम्ही हसून बोलतो का ते बघायला. कोण खरं कोण खोटं ते कळत नाही, म्हणून सगळ्यांशीच हसावं लागतं. संध्याकाळी गाल दुखतात.

एक गंमत सांगते. आमच्याकडे रोज अकराच्या सुमारास एक आजी येतात. काही घेत नाहीत. मांडलेल्या झोपायच्या खोलीत जातात, चादरीवरची सुरकुती हाताने साफ करतात, मग पडद्यांकडे येतात आणि एकेकाची खालची दुमड उलटून बघतात. शेजारी कुणी पडदा बघत असेल तर त्याला म्हणतात, "हा नका घेऊ. दोन धुण्यांत उसवेल. कापड घ्या आणि शिवून घ्या." लोक पडदा परत ठेवतात. त्यांच्यामुळे माझी विक्री बसली. शेवटी मॅनेजर बाईंनी मला विचारलं, "ह्या आजी रोज तुमच्याकडेच येतात. ओळखीच्या आहेत का?"

मी म्हटलं, नाही.

बस, एवढंच. गंमत म्हणून लिहिलं.

उत्तर लिहायलाच हवं असं काही नाही.

तुझी,
धाकटी


दि. २३ फेब्रुवारी

ताई,

तुझं पाकीट आलं. मला वाटलं होतं, आत चार पानं तरी असतील. सव्वा वर्षाच्या साठलेल्या शिव्या असतील. उघडलं तर एकच ओळ. "त्या आजी आता कशा आहेत?"

तुला कसं कळलं ते विचारत नाही. दुमड उलटून बघणारी आणखी कोण असणार.

आता पहिल्यापासून सांगते. क्रम चुकला तर सांभाळून घे, माझ्याच डोक्यात तो नीट लागत नाहीये.

जानेवारीत आई पहिल्यांदा आली. घरापासून चालत दहा मिनिटं. "बघू तरी कुठे काम करतेस," म्हणाली. मी तिला सगळा मजला दाखवला. जाताना तिला बजावलं, की रोज येऊ नकोस. ड्यूटीवर असताना घरच्यांनी येऊन थांबायचं नाही असा नियम आहे, आणि महिन्याभरात मला कायम करणार आहेत. ती "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती हजर. माझ्यासमोर येऊन म्हणाली, "अहो बाई, ह्या चादरीचं माप काय?"

मी चमकले. मग वाटलं, माझ्या नोकरीसाठी ओळख लपवतेय. केवढी हुशार. मीही म्हटलं, "डबल बेडची आहे, आजी." ती चादर चाचपून पुढे गेली. त्यानंतर ते रोजचंच झालं. खरं सांगू? मला मजा येत होती. लहानपणी आपण दुकान दुकान खेळायचो तेव्हा ती कधी गिऱ्हाईक व्हायची नाही, मशीनवरून मान वर करायची नाही. आता मी पन्नाशीला टेकल्यावर ती माझं गिऱ्हाईक झाली होती.

मग तो मॅनेजर बाईंचा प्रश्न आला. तुला लिहिलं नाही ते हे, की तेव्हा आई माझ्यापासून तीन पावलांवर उभी होती. हातात पडदा धरून. मी "नाही" म्हटलं ते तिने ऐकलं. मान वर करून मॅनेजर बाईंना म्हणाली, "त्यांना कशाला विचारता? त्या कामात आहेत. मी आपली बघायला आलेय."

मी तिचा चेहरा निरखून बघितला. त्यात काहीच नव्हतं. राग नाही, दुखावल्याचं काही नाही, मला सांभाळून घेतल्याचंही नाही.

त्या संध्याकाळी घरी गेले तर तिने नेहमीसारखं ताट वाढलं. जेवताना म्हणाली, "त्या मोठ्या दुकानात एक बाई आहे. तुझ्याच अंगलटीची. दिवसभर उभी असते बिचारी, तिला कुणी बसायलाही सांगत नाही."

मी हसले. मग तीही हसली. ती आधीपासून हसू दाबून होती, की मी हसले म्हणून हसली, हे मला अजून ठरवता येत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं आणि तिने "कोण बाई ते मला काय माहीत" म्हटलं असतं, तर सव्वा वर्षापूर्वी तू जे म्हणाली होतीस ते खरं ठरलं असतं.

तू म्हणाली होतीस, आई अधूनमधून मला ओळखत नाही, डॉक्टरांना दाखवू या. मी काय म्हणाले ते तुलाही पाठ असेल. ती विसरत नाही, तुला जड झालीय म्हणून तू कारणं शोधतेस. तुझ्या मुलीसमोर म्हणाले. आणि तासाभरात आईची बॅग भरून टॅक्सीत बसले. तू गेटपर्यंत तिच्या चष्म्याचं घर घेऊन पळत आलीस, मी काच खाली केली नाही. चष्म्याचं नवं घर घेतलं मग तिला. ते नको म्हणून अजून चष्मा रुमालात गुंडाळते.

हे सगळं माहीत असूनही मी महिनाभर गप्प राहिले, ताई. गॅस दोनदा चालू राहिला. शेजारणीला तिने "तुमची मापं झालीत, उद्या या" म्हणून सांगितलं. मी म्हणत राहिले, वयच झालंय.

गेल्या सोमवारी काय झालं ते ऐक. मॅनेजर बाईंनी गार्डला सांगून ठेवलं होतं की त्या आजींना वर सोडू नका. ती दुसऱ्या दाराने आली असावी. मी मागच्या खोलीतून उशांचे अभ्रे घेऊन बाहेर आले तर मांडलेल्या झोपायच्या खोलीपाशी गर्दी. आई पलंगावर झोपली होती. चपला पलंगाखाली नीट जोडून ठेवलेल्या, चादर गळ्यापर्यंत ओढलेली, किमतीचं लेबल तिच्या हनुवटीशी. गाढ झोपली होती. लोक बघत होते. दोघंतिघं फोनवर फोटो काढत होते आणि एक जण हळूच म्हणाला, "गादीची जाहिरात असेल."

गार्डने हलकेच हाक मारली. "आजी, उठा." ती दचकून उठून बसली. म्हणाली, "तुम्ही कोण? माझ्या घरात कसे आलात? आणि ही माणसं कोण?" चौथी भिंत कुठे गेली तेच बघत होती ती, इकडून तिकडे.

मॅनेजर बाई धावत आल्या. "आजी, घरच्या कुणाचा नंबर आहे का? कुणाला बोलवू?" आई चादर आणखी वर ओढत राहिली. मॅनेजर बाई वळून म्हणाल्या, "पोलिसांनाच कळवावं लागेल."

मी सहा अभ्रे छातीशी धरून उभी होते. तुला खोटं सांगणार नाही, तेव्हाही मी गर्दीत खोटं गिऱ्हाईक कोण असेल ते बघत होते. पाय पुढे कधी टाकला ते आठवत नाही. "आई आहे माझी," म्हणाले.

"पण तुम्ही तर म्हणाला होतात..."

"खोटं बोलले."

मी पलंगावर तिच्या शेजारी बसले. "आई, मी आलेय." तिने माझ्याकडे बघितलं. हळूहळू तिचा चेहरा निवळला. एप्रनचा काठ उलटून तिने शिवण बघितली, मग माझा हात घट्ट धरला. "आलीस? किती उशीर केलास गं." आणि गार्डला म्हणाली, "ही माझी थोरली."

मला थोरली म्हणाली, ताई. तुझ्या हाकेने.

गार्ड बिचारा काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "हो का? आणखी कोण असतं घरी?"

"धाकटी आहे ना," आई म्हणाली. "ती मोठ्या दुकानात लागलीय. तिला मला ओळखायची परवानगी नाहीये."

तक्रार केल्यासारखं नाही म्हणाली. उलट समजावून सांगितल्यासारखं, की त्यात तिचा काही दोष नाही. मॅनेजर बाई माझ्याकडे बघत होत्या. मी काय करायला हवं होतं? तिला सांगायला हवं होतं ना, की आई, मीच धाकटी. मला ते जमलं नाही. मी म्हटलं, "चल, घरी जाऊ." आणि थोरली होऊन तिच्या पायात चपला घातल्या.

पुढचं थोडक्यात. मॅनेजर बाईंनी मागच्या खोलीत बसवून आम्हाला चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी लेखी ताकीद हातात दिली. दोन्ही मनापासून, असं मला वाटलं. कायम करायचं सहा महिने पुढे गेलं. शुक्रवारी आईला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जे सांगितलं ते सगळं तू सांगितलेलंच होतं, फक्त त्याला एक लांबलचक नाव होतं. मी कामावर असते तेव्हा शेजारीण येऊन बसते. दुकानात परवा नवा नकाशा आला. पडदे आता दुसऱ्या टोकाला गेलेत. अकरा वाजता माझी नजर अजून जुन्या जागेकडे जाते.

घरी मी आता बहुतेक वेळा थोरलीच असते. कधी मध्येच धाकटी होते, अर्धा तास, मग पुन्हा तू. पहिले दोन दिवस मी तिला सुधारत होते. त्याने ती घाबरते, म्हणून सोडलं. पण सारखं दुसऱ्याच्या नावाने बोलताना आपण नेमके कोण हे माझंच मला कळेनासं होतं. तिने तुझ्या मुलीचं विचारलं की मी उत्तर देते, आणि ते खरं आहे का ते मला माहीत नसतं.

काल मी तिची वेणी घालत होते. ती म्हणाली, "थोरले, धाकटीवर राग धरू नकोस. तिची जीभ फटकळ आहे. त्या दिवशी टॅक्सीत माझं डोकं मांडीवर घेऊन रडत होती."

हे मात्र तिला आठवतं.

मी म्हटलं, "नाही धरला." तुझ्या आवाजात म्हटलं. तुझ्या वतीने मी स्वतःला माफ करून टाकलं, ताई, तुला न विचारता. ते परत घ्यायचं असेल तर घे, पण इथे येऊन घे. येणार असशील तर मी सुट्टी काढते.

आई तुला कोण म्हणून हाक मारेल ते सांगता येत नाही. कदाचित तुला धाकटी समजेल. तसं झालं तर दुरुस्त करू नकोस. तिचा हात धर आणि माझ्या वतीने एवढंच सांग, की ओळख होती. त्या दिवशी पडद्यांपाशीसुद्धा होती.

तुझ्या नावाने ओ देणारी,
धाकटी